ढेकळाचे डोळे

सुट्टीच्या पहिल्या दिवसाचा बेत पक्का होता. सकाळी उठायचं, टॉवेल खांद्यावर टाकायचे आणि पोहण्याचा तलाव उघडायच्या आत फाटकाशी जाऊन उभं राहायचं. भिंगरीने तर पोहण्याचा पोशाख आदल्या रात्रीच अंगात चढवला होता. पण जिना उतरून ती खाली मावशीच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात आली, तेव्हा मावशीचा म्हातारा कुत्रा ढेकूळ सायकलींच्या गर्दीत बसून भिंतीकडे तोंड करून शेपूट हलवत होता. भिंगरी उभी होती दाराशी. तिच्या पावलांचा आवाज त्याने ओळखला होता, पण ती नेमकी कुठे आहे हे काही त्याला दिसत नव्हतं.

तिने जवळ जाऊन त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं. दोन्ही डोळे चिपडांनी चिकटून गेले होते. डोळ्यांखालचे केस भिजून काळपट पडले होते, आणि उजवा डोळा तर तो उघडायलाच तयार नव्हता.

"ताई, ढेकूळ रडतोय," मागून शेपूट म्हणाला.

शेपूट म्हणजे भिंगरीचा धाकटा भाऊ. ती जाईल तिथे मागोमाग जायचा, म्हणून त्याला हे नाव पडलं होतं. भिंगरीला तिचं नाव मिळालं होतं ते एका जागी दोन मिनिटं न बसण्याबद्दल. आणि पंडित हा मावशीचा मुलगा. त्याला जगातल्या सगळ्या गोष्टींची माहिती होती आणि त्यातली निम्मी बरोबरही असायची. सुट्टी लागली की भिंगरी आणि शेपूट मावशीकडे यायचे, मग तिघांची फौज गावभर हुंदडायची. ढेकूळ या फौजेचा चौथा शिपाई. मातीच्या ढेकळासारखा रंग, ढेकळासारखाच आकार, आणि एकदा बसला की ढेकळासारखाच हलायला नाखूष.

मावशीने वंगणाचे हात चिंधीला पुसले आणि सांगितलं की हे काही आजचं नाही. महिनाभर त्याचे डोळे असेच वाहताहेत. मधे बरे होतात, पुन्हा सुरू होतात. तिने फळीवरून एक छोटी बाटली काढली. तिच्या स्वतःच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यानंतरचे थोडे थेंब उरले होते. तेच ती ढेकळाला घालत होती.

"लाली उतरते त्याने," ती म्हणाली, पण तिच्या आवाजात खात्री नव्हती.

त्या दिवशी ते तलावावर गेले खरे, पण उशिरा. ढेकूळ नाकाने रस्ता हुंगत मागे आलाच. दुकानासमोरच्या रस्त्यापलीकडे एक अरुंद गल्ली, गल्लीला लागून तलावाची मागची भिंत, आणि भिंतीला वळसा घातला की फाटक. फाटकात पाऊल टाकायच्या आत कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजली.

शिट्टी वाजवणारे गृहस्थ तलावाचे नवे व्यवस्थापक होते. गळ्यात पितळी शिट्टी, पायांत चकचकीत चामडी चपला. पळू नका, शिट्टी. उड्या मारू नका, शिट्टी. कुणी नुसतं हसलं तरी शिट्टी. मुलांनी त्यांचं नाव शिट्टीसाहेब ठेवलं होतं, आणि ते नाव त्यांना सोडून सगळ्यांना माहीत होतं.

"हे कुत्रं इथे आणायचं नाही. त्याचे डोळे आलेत," शिट्टीसाहेब म्हणाले.

"कुठून आले? आधी नव्हते का?" शेपटाने मनापासून विचारलं.

शिट्टीसाहेबांनी त्याला उत्तर दिलं नाही. त्यांनी बाकावर बसलेल्या पालकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगायला सुरुवात केली. तलावात पोहणाऱ्या मुलांचे डोळे हल्ली लाल होतात, चुरचुरतात, त्याच्या तक्रारी येतात. तलाव तर आरशासारखा स्वच्छ आहे. मग दोष कुणाचा? फाटकाशी लोळणाऱ्या या रोगट कुत्र्याचा. आठवड्याच्या शेवटी शाळाशाळांच्या पोहण्याच्या स्पर्धा आहेत. त्याआधी पालिकेची गाडी बोलावून याला कोंडवाड्यात पाठवायची व्यवस्था ते करणार होते.

भिंगरीने ढेकळाला जवळ ओढलं. कोंडवाडा गावाबाहेर होता. तिथे गेलेलं म्हातारं, आजारी कुत्रं कुणी सोडवून आणल्याचं तिने ऐकलं नव्हतं. तिने टॉवेल गुंडाळला आणि पाण्यात पायही न बुडवता मागे फिरली.

दुपारी मावशीने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि ढेकळाला सायकलच्या मागच्या टोपलीत बसवून सगळे जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

डॉक्टरीणबाई बोलायच्या कमी आणि बघायच्या जास्त. त्यांनी आधी चिपडं भिजवून अलगद काढली. मग कागदाची एक पट्टी ढेकळाच्या डोळ्याला टेकवली. डोळ्यात नारिंगी रंग पसरला. खोलीतला दिवा बंद करून त्यांनी छोट्या बॅटरीचा निळा प्रकाश पाडला, तशी उजव्या बुबुळावर एक हिरवीगार रेघ चमकली.

"हा ओरखडा," त्या म्हणाल्या. "डोळे चुरचुरतात, म्हणून हा पंजाने चोळतो. चोळताना नख लागलंय."

मग त्यांनी मावशीकडची बाटली पाहिली आणि सरळ केराच्या टोपलीत टाकली. त्या औषधाने लाली उतरते हे खरं, पण ओरखडा असताना ते घातलं तर जखम भरतच नाही, उलट खोल जाते, असं त्यांनी समजावलं. आणखी काही दिवस हे चाललं असतं तर डोळा गेला असता.  मावशीने ढेकळाच्या डोक्यावर हात ठेवला आणि ती त्याला थोपटत राहिली.

भिंगरीने धीर करून विचारलं की हा रोग मुलांना लागतो का. डॉक्टरीणबाईंनी नकारार्थी मान हलवली. संसर्ग असता तर पू घट्ट आला असता, ताप असता. ही जळजळ होती. काहीतरी त्याच्या डोळ्यांना रोज झोंबत होतं. धूर, धूळ, फरशी पुसायचं औषध, काहीही असू शकेल. औषधाने डोळे बरे होतील, पण झोंबणारी वस्तू सापडली नाही तर ते पुन्हा वाहू लागतील.

"घरात गुप्तहेर आहे का कुणी?" त्यांनी विचारलं.

तीन हात वर झाले.

डॉक्टरीणबाईंनी ढेकळाच्या गळ्यात प्लॅस्टिकचा मोठा कर्णा बांधला, म्हणजे पंजा डोळ्यापर्यंत पोचू नये. नवे थेंब देऊन ते घालायचं काम कोण करणार असं त्यांनी विचारल्यावर भिंगरी पुढे झाली. पंडितला हसू आलं. "बाई, हिला स्वतःची वेणी घालून घ्यायलासुद्धा बसवत नाही," तो म्हणाला.

"मग आता बसायला शिकेल," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी तिला शिकवलं. पाणी उकळून गार करायचं, त्यात चिमूटभर मीठ. कापूस भिजवून डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेर पुसत यायचं. एका डोळ्याला लावलेला कापूस दुसऱ्याला लावायचा नाही. थेंब घालताना कुत्र्याच्या समोरून जायचं नाही, बाटली अंगावर येताना दिसली की ते बिथरतं. त्याला आपल्या पुढ्यात पाठमोरं बसवायचं, हनुवटी वर उचलायची आणि डोक्यामागून हात आणून थेंब सोडायचा. बाटलीचं टोक डोळ्याला टेकवायचं नाही.

पहिला थेंब ढेकळाच्या नाकावर पडला. दुसरा भिंगरीच्या गुडघ्यावर. तिसऱ्या वेळी तिने श्वास रोखला, सगळं अंग दगडासारखं स्थिर केलं, आणि थेंब बरोबर डोळ्यात गेला. ढेकळाने पापण्या मिटल्या आणि कर्ण्यासकट डोकं तिच्या मांडीवर टाकलं. आयुष्यात पहिल्यांदाच भिंगरीला हलावंसं वाटलं नाही.

शोध घरापासून सुरू झाला. पंडितने फर्मान काढलं की घरातली प्रत्येक वस्तू संशयित आहे. पंक्चरला लावायचं सोल्युशन, लोखंडाचा कीस, वंगण, फरशीचं औषध, सगळं हुंगून झालं. शेपटाने ढेकळाचं पोतंही हुंगलं आणि जाहीर केलं की त्याला ढेकळाचाच वास येतो. शेवटी त्यांनी ढेकळाला दुकानातून हलवून वरच्या खोलीत ठेवलं. दोन-तीन दिवसांत त्याचे डोळे कोरडे पडले. उजवा डोळाही अर्धा उघडला.

"म्हणजे दुकानातलंच काहीतरी झोंबत होतं," पंडित म्हणाला.

"मग आपल्या डोळ्यांत का नाही झोंबत? मावशी तर दिवसभर तिथेच असते," भिंगरी म्हणाली.

पंडित चष्मा काढून पुसू लागला.

उत्तर ढेकळाने स्वतःच दिलं. त्या दुपारी शेपटाने दार नीट लावलं नाही आणि ढेकूळ निसटला. तिघं शोधत खाली आले तर समोरच्या गल्लीतून प्लॅस्टिक घासल्याचा खरखर आवाज येत होता. तलावाच्या मागच्या भिंतीला अगदी जमिनीलगत एक लोखंडी जाळी होती. तिच्यातून गार हवा यायची. ढेकूळ उन्हाळाभर दुपारची झोप तिथेच काढायचा हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आज त्याला जाळीपुढच्या खोलगट जागेत शिरायचं होतं, पण कर्णा भिंतीत अडकला होता आणि त्याला पुढेही जाता येत नव्हतं आणि मागेही.

शेपूट सगळ्यांत लहान, म्हणून तोच आडवा होऊन आत सरकला. त्याने कर्णा सोडवला, ढेकळाला मागे ढकललं आणि बाहेर आला तो खोकत. त्याच्या दोन्ही डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"ताई, माझेपण डोळे आले," तो म्हणाला.

भिंगरीने त्याला उचललं आणि दुकानात नेऊन नळाखाली त्याचे डोळे धुतले. तो शांत झाल्यावर तिने पंडितला गल्लीच्या तोंडाशी उभं केलं आणि वास येतो का विचारलं. येत नव्हता. मग तिने स्वतः खाली वाकून पाहिलं. गुडघ्यांच्या खाली नाक जाताच एक तिखट, झणझणीत वास नाकात घुसला. ती चटकन उठून मागे आली.

या वेळी पंडितची माहिती बरोबर निघाली. काही वायू हवेपेक्षा जड असतात, तो सांगू लागला, आणि सांगता सांगता त्याचाच चेहरा गंभीर झाला. ते वर जात नाहीत, पाण्यासारखे जमिनीलगत पसरतात. तलावाच्या पाण्यात टाकायच्या पावडरीतून असाच वायू निघतो. जाळीमागे तलावाची यंत्राची खोली होती आणि पावडर तिथेच ठेवत असणार. उभ्या माणसाला काही कळत नाही. जमिनीवर नाक टेकून झोपणाऱ्या कुत्र्याला कळतं.

"पण अशा खोलीत हवा ओढणारा पंखा असतो," तो म्हणाला. भिंतीवरून एक जाड पाइप छपराच्या वर गेला होता. त्याने बोट दाखवलं. पाइपाच्या तोंडावर कोळ्याने भलंमोठं जाळं विणलं होतं आणि कोळी मधोमध निवांत बसला होता. पंखा चालू असता तर तो कधीच उडून गेला असता.

त्यांनी सगळं मावशीला सांगितलं. शेपटाचे लाल डोळे पाहून मावशी हातातला पाना तसाच घेऊन तडक तलावावर गेली. शिट्टीसाहेब तिच्याशी फार गोड बोलले. पंखा उत्तम चालतो, खोलीला कुलूप आहे, तलाव म्हटला की थोडा वास यायचाच. आणि खरं सांगायचं तर वास तिच्याच दुकानातल्या सोल्युशनचा असणार. तरी तिची इच्छा असेल तर स्पर्धा पार पडल्यावर ते खोली जरूर उघडून दाखवतील. तोवर सगळे कामात आहेत.

मावशी परत आली ती धुमसत. तिने मुलांना बजावलं की त्या गल्लीत कुणी पाऊल टाकायचं नाही. संध्याकाळी ती पालिकेत तक्रार करायला गेली, पण तिथे तिला सांगण्यात आलं की तलावाचं काय ते व्यवस्थापकांना विचारा. हो, आणि उद्या सकाळी गाडी तुमच्या भागात येणार आहे, एका रोगट कुत्र्याला न्यायला.

मावशीने घरी येऊन हे मुलांना सांगितलं. शेपटाने ढेकळाच्या गळ्याला मिठी मारली ती सोडेचना.

भिंगरी थेंब घालायला बसली. ढेकळाची हनुवटी हातात धरून ती स्थिर बसली होती, आणि कदाचित त्या स्थिर बसण्यामुळेच तिचं डोकं चाललं. शिट्टीसाहेब कुणाचं ऐकत नाहीत. त्यांना दाखवूनही उपयोग नाही, कारण ते जाळीपर्यंत वाकणारच नाहीत. त्यांना वाकायला लावेल अशी एकच गोष्ट होती. ढेकळाविरुद्धचा पुरावा.

तिने बेत सांगितला. पंडितला तो आवडला, पण त्याने एक अडचण काढली. मावशीने गल्लीत पाऊल टाकायला बंदी केली होती.

"पाऊल नाही टाकायचं," भिंगरी म्हणाली. "बांबूबद्दल ती काही बोलली नाही."

सकाळी तलावावर स्पर्धेचा सराव होता. पोहायला शिकवणाऱ्या बाई काठावर उभ्या राहून मुलांना सूचना देत होत्या, पालक बाकांवर बसले होते. शिट्टीसाहेब अनवाणी पायांनी काठावरून फेऱ्या मारत होते. त्यांच्या चकचकीत चपला कचेरीच्या दाराबाहेर होत्या. शेपूट तिथून रमतगमत गेला आणि परत आला तेव्हा एकच चप्पल उरली होती.

मग भिंगरी आणि पंडितने गल्लीच्या तोंडाशी उभं राहून लांब बांबूच्या टोकाने ती चप्पल ढकलत ढकलत जाळीपुढच्या खोलगट जागेत, अगदी कोपऱ्यात नेऊन ठेवली.

पालिकेची गाडी आली. गाडीवाले काका हातात जाळं घेऊन उतरले आणि कुत्रं कुठे आहे असं विचारू लागले. शिट्टीसाहेब चपला घालायला कचेरीकडे वळले आणि एक चप्पल नाही म्हणून इकडेतिकडे शोधू लागले. तेव्हा शेपूट कुणाला तरी ऐकू जाईल अशा बेताने पुटपुटला की मागच्या गल्लीत जाळीपाशी एक चप्पल पडलीय, तिथेच आमचा ढेकूळ झोपतो.

शिट्टीसाहेबांचे डोळे चमकले. त्यांनी शिट्टी फुंकली. पालकांना बोलावलं, बाईंना बोलावलं, गाडीवाल्या काकांना तर हाताला धरून नेलं.

"बघा सगळ्यांनी! रोगट तर आहेच, वर चोरटं," ते म्हणाले.

गल्लीच्या तोंडाशी सगळे थांबले. गाडीवाले काका म्हणाले की मी काठीने काढून देतो. पण शिट्टीसाहेबांना पुरावा स्वतःच्या हाताने वर काढायचा होता. ते गुडघ्यांवर बसले, मग पोटावर आडवे झाले, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि गाल जाळीला टेकवला.

क्षणभर काहीच झालं नाही. मग आतून एक विचित्र आवाज आला. शिट्टीसाहेब उलटे सरपटत बाहेर आले. चप्पल हातात होती, पण डोळे घट्ट मिटलेले होते, त्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या, आणि खोकल्याने त्यांना बोलता येत नव्हतं.

गाडीवाल्या काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग हातातल्या जाळ्याकडे पाहिलं.

"साहेब," त्यांनी शांतपणे विचारलं, "आता गाडीत कुणाला घालू?"

लोक हसले, पण पोहण्याच्या बाई हसल्या नाहीत. त्या दोन पावलं पुढे आल्या, जरा वाकल्या आणि लगेच ताठ झाल्या. तो वास त्यांनी ओळखला. त्यांनी शिट्टीसाहेबांच्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली, धावत काठाशी गेल्या आणि इतक्या जोराने वाजवली की पाण्यातलं प्रत्येक मूल थबकलं. पाण्याबाहेर या, फाटकातून रस्त्यावर जा, टॉवेल राहू द्या. बघता बघता तलाव रिकामा झाला. यंत्राच्या खोलीत कुणी जायचं नाही असं बजावून त्यांनी अग्निशमन दलाला फोन केला.

इकडे शिट्टीसाहेब दुकानाच्या पायरीवर बसले होते. डोळे चोळायला त्यांचे हात वर गेले, तेव्हा भिंगरीने ते धरले.

"चोळायचं नाही," ती म्हणाली. "चोळलं की ओरखडा येतो."

बेत तिचाच होता, पण त्यांचे सुजलेले डोळे पाहून तिला वाईट वाटत होतं. मावशीने आणलेल्या पाण्याने तिने त्यांचे डोळे पुन्हा पुन्हा धुतले. मग उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून नाकाकडून बाहेर अलगद पुसले. एका डोळ्याला एक कापूस, दुसऱ्याला दुसरा. तिचा हात जराही हलला नाही.

"तुला हे कुणी शिकवलं?" शिट्टीसाहेबांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"ढेकळामुळे शिकले," भिंगरी म्हणाली. "त्यालाही रोज असंच होत होतं."

शिट्टीसाहेबांनी मान खाली घातली. 

अग्निशमन दलाचे लोक तोंडाला मुखवटे लावून खोलीत गेले. आतलं दृश्य पाहून त्यांचे प्रमुख बाहेर येऊन कपाळाला हात लावून उभे राहिले. पावडरीच्या पिंपांची झाकणं उघडी होती. फरशी ओली होती. फरशी घासायच्या ॲसिडचे कॅन पिंपांना खेटून ठेवले होते आणि त्यांतला एक ठिबकत होता. पंखा बंद होता, कारण तो खडखडायचा आणि त्या आवाजाने शिट्टीसाहेबांची दुपारची झोप मोडायची. तलावात पावडरही अंदाजपंचे ओतली जात होती, म्हणून तर मुलांचे डोळे लाल होत होते. प्रमुखांनी सांगितलं की एखादा कॅन कलंडला असता आणि स्पर्धेच्या दिवशी काठावर गर्दी असती, तर काय झालं असतं ते बोलवतही नाही.

 ज्या पालकांनी ढेकळाविरुद्धच्या तक्रारीला माना डोलावल्या होत्या, ते एकेक जण पुढे येऊन मुलांची पाठ थोपटू लागले. एका आजोबांनी शेपटाला उचलून खांद्यावर घेतलं. पोहण्याच्या बाईंनी तिघांना समोर उभं केलं आणि सांगितलं की आजवर त्यांनी पुष्कळ मुलांना पाण्यावर तरंगायला शिकवलं, पण आज या तिघांनी सगळ्यांना बुडण्यापासून वाचवलं.

"फक्त एक कळलं नाही," त्या म्हणाल्या. "ढेकूळ तर सकाळपासून वरच्या खोलीत आहे म्हणे. मग चप्पल तिथे गेली कशी?"

पंडित चष्मा पुसू लागला. शेपूट खांद्यावरून आभाळ बघू लागला. मावशीची नजर दुकानाच्या कोपऱ्यात टेकवलेल्या बांबूकडे गेली, तिथून भिंगरीकडे आली, आणि तिने गालातल्या गालात हसू दाबलं.

"वारा फार सुटलाय हल्ली," मावशी म्हणाली.

स्पर्धा पुढे ढकलल्या गेल्या. खोली रिकामी करून धुतली, ॲसिडला दुसरी जागा मिळाली, नवा पंखा बसला. शिट्टीसाहेबांना पालिकेने व्यवस्थापकपदावरून हटवलं. जाताना ते दुकानात येऊन गेले. ढेकळासमोर उकिडवे बसून त्यांनी त्याच्या कर्ण्यात हात घातला आणि त्याचं कपाळ खाजवलं. ढेकळाला त्यांच्याबद्दल काहीच राग नव्हता. त्याने त्यांचा हात चाटला, आणि मग त्यांच्या चपलाही.

थेंब घालणं मात्र चुकलं नाही. सकाळी, दुपारी, संध्याकाळी भिंगरी भिंतीला टेकून बसायची, ढेकूळ आपण होऊन तिच्या पुढ्यात पाठमोरा येऊन बसायचा आणि हनुवटी वर करायचा.

सुट्टी संपत आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पुन्हा नारिंगी पट्टी लावली आणि दिवा बंद केला. निळा प्रकाश बुबुळावर फिरला. सगळ्यांनी श्वास रोखले होते. हिरवं काहीच चमकलं नाही. ओरखडा होता तिथे आता एक फिकट ठिपका तेवढा राहिला होता, आणि त्याने बघायला काही अडचण येणार नाही असं बाईंनी सांगितलं.

"एकही थेंब चुकवला नाहीस तू," त्या भिंगरीला म्हणाल्या. "औषध मी दिलं, पण डोळा तू वाचवलास."

मावशी एरवी कौतुकाच्या बाबतीत फार कंजूष. पण दवाखान्यातून बाहेर पडताना तिने भिंगरीच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाली की माझ्या हातून याचा डोळा जायचा होता, तुम्ही तिघं होतात म्हणून राहिला.  भिंगरी खाली वाकली आणि तिने ढेकळाच्या गळ्यातला कर्णा सोडला.

ढेकळाने अंग झाडलं. मग त्याने मान वर केली आणि लांब, रस्त्याच्या पार पलीकडे पाहिलं. तिथे एक कबुतर दाणे टिपत होतं. ढेकूळ त्याच्याकडे टक लावून बघत राहिला, कान टवकारले, आणि कधी नव्हे तो असा सुसाट सुटला की साखळी धरलेला शेपूटही त्याच्यामागे ओढला गेला.

"ताई, त्याला दिसतंय!" शेपूट धावता धावता ओरडला. "त्याला इथून तिथलं दिसतंय!"